पाणी आहे, तेल नाही

"मॅडम, डोळ्यांतून सारखं पाणी येतंय आणि तुम्ही म्हणता डोळे कोरडे आहेत?"

हा प्रश्न मला आठवड्यातून चार-पाच वेळा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. पदरानं डोळे पुसतच आत आलेल्या बाईला 'तुमचे डोळे कोरडे आहेत' म्हटलं, तर तिचा विश्वास बसणार कसा? म्हणून तिथूनच सुरुवात करते.

आपल्या बुबुळावर अश्रूंचा एक थर कायम पसरलेला असतो. त्याची जाडी सुमारे तीन मायक्रॉन. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातले तीन. एवढ्याशा थरात तीन गोष्टी असतात. बुबुळाला लागून बुळबुळीत म्यूसिन, ज्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. त्यावर पाणी. आणि सगळ्यांत वर तेलाचा तवंग. आपण वऱ्हाडातली माणसं, रश्श्यावरची तर्री आपल्याला सांगायला नको. तर्री धरलेला रस्सा लवकर निवत नाही, कारण तेलाखालून वाफ सहज सुटत नाही. डोळ्यावरचा तवंग हेच काम करतो, खालचं पाणी उडू देत नाही.

हे तेल येतं पापणीतून. वरच्या पापणीत पंचवीस ते चाळीस आणि खालच्या पापणीत वीस-तीस बारीक ग्रंथी एका ओळीत उभ्या असतात. त्यांची तोंडं पापणीच्या कडेवर, केसांच्या लगेच मागे उघडतात. हाइनरिश मायबोम या जर्मन वैद्यानं 1666 मध्ये त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्या मायबोमियन ग्रंथी. पापणी मिटली की त्या दाबल्या जातात आणि थोडंसं तेल बाहेर येतं. याच ग्रंथीचं तोंड बुजलं आणि ती सुजली की कधी रांजणवाडी होते, ती तर तुम्ही सगळ्यांनी पाहिलेली आहे.

आता समजा, बऱ्याच ग्रंथींची तोंडं बुजली. तवंग विरला, पाणी भराभर उडालं, बुबुळ उघडं पडलं. बुबुळात जाणीव देणाऱ्या नसांचं इतकं दाट जाळं आहे की शरीरात तसं फार थोड्या ठिकाणी सापडेल. म्हणून तर कुसळ गेलं तरी जीव कासावीस होतो. त्या नसा ओरडतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला सांगतो, सोड पाणी. पाणी लोंढ्यानं येतं, पण त्यावर तेल नसतं, म्हणून ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळतं. दोन मिनिटांनी पुन्हा चुरचुर, पुन्हा पाणी. डोळा कोरडा आहे म्हणूनच तो वाहतो आहे.

कोरड्या डोळ्यांच्या रुग्णांत हा तेलाचा दोष असलेलेच जास्त असतात. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण अंगी मुरायला एक रुग्ण लागली. एक शिक्षिका होत्या. पेपर तपासताना अक्षरं पुसट व्हायची, पापणी लवली की क्षणभर स्वच्छ, मग परत पुसट. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं. दोन वर्षांत त्यांनी निरनिराळे थेंब घातले होते. प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळ्या बाटल्या घेऊन आल्या आणि मी त्यात आणखी एक बाटली वाढवली. ती माझी चूक होती. तीन महिन्यांनी त्या परत आल्या, तेव्हा मी त्यांच्या खालच्या पापणीची कड कापसाच्या काडीनं हलकेच दाबून पाहिली. निरोगी पापणीतून तेलाचा नितळ थेंब येतो, घाण्याच्या ताज्या तेलासारखा. त्यांच्या पापणीतून आधी काहीच आलं नाही. जरा जास्त दाबल्यावर पांढरट, दाट, थिजलेल्या तुपासारखं बाहेर आलं. एवढं पाहायला मला अर्धं मिनिट लागलं, आणि बाईंनी दोन वर्षं काढली होती.

थिजलेल्या तुपाचं आपण काय करतो? बरणी गरम पाण्यात ठेवतो. पापणीला शेक द्यायचा तो त्यासाठी. कसा, ते शेवटी दाखवते.

दुसरा प्रकार म्हणजे पाणीच कमी तयार होणं. ते मोजायला साधी कागदाची पट्टी असते, पाच मिलिमीटर रुंद आणि पस्तीस लांब. ती खालच्या पापणीत अडकवून पाच मिनिटं थांबायचं. पाच मिलिमीटरसुद्धा ओली झाली नाही तर पाणी नक्कीच कमी आहे. शिर्मर या जर्मन डॉक्टरांची 1903 ची ही चाचणी आम्ही आजही करतो. तेलाच्या दोषासाठी मात्र डोळ्यात केशरी रंग घालून निळ्या उजेडात पाहतात. सगळा थर हिरवा चमकतो आणि मग त्यात काळे डाग फुटायला लागतात. डाग दहा सेकंदांच्या आत फुटले तर थर टिकत नाही असं समजायचं.

पाणी कमी असलेल्या बाईला मी हमखास विचारते, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतो का? सकाळी बोटांचे सांधे आखडतात का? उत्तर 'घास उतरत नाही', 'हो, आखडतात' असं आलं तर रक्ताच्या तपासण्या आणि संधिवाताच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक श्योग्रेन यांनी 1933 मध्ये हा आजार प्रबंधात मांडला. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. हा आजार डोळ्यांपुरता राहत नाही, म्हणून चुकवून चालत नाही.

आता थेंबांविषयी, कारण सगळ्यात जास्त पैसा तिथे जातो. डोळ्यात एका वेळी सुमारे सात मायक्रोलिटर अश्रू असतात आणि बाटलीतला एक थेंब चाळीस-पन्नास मायक्रोलिटरचा असतो. म्हणजे एकच थेंब पुष्कळ, दुसरा गालावरच जाणार. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बाटली टिकवणारं रसायनच बुबुळाची वरची त्वचा दुखावतं. काचबिंदूचे थेंब वर्षानुवर्षं घालणाऱ्यांचे डोळे कोरडे पडतात, त्यामागेही पुष्कळदा हेच असतं. त्यांनी थेंब स्वतःहून बंद करू नयेत, डॉक्टरांना बदलून मागावेत.

आणि एक हात जोडून सांगते. मेडिकलच्या काउंटरवर 'डोळे लाल झालेत, काहीतरी द्या' म्हणून थेंब घेऊ नका. त्यात स्टेरॉइड असू शकतं. दोन दिवसांत डोळा पांढराशुभ्र होतो, माणूस खूश होतो आणि तीच बाटली वर्षभर वापरतो. माझ्याकडे आलेल्या एका तरुणाची अर्धी नजर अशा बाटलीनं झालेल्या काचबिंदूत गेली. ती परत येत नाही. स्टेरॉइड आम्हीही देतो, पण मोजक्या दिवसांसाठी आणि डोळ्याचा दाब तपासत.

जुना कोरडेपणा आणि सूज एकमेकांना वाढवत राहतात. ती सूज मोडायला सायक्लोस्पोरिनचे थेंब असतात. ते सुरुवातीला झोंबतात आणि गुण यायला दोन-तीन महिने लागतात, कधी सहाही. बहुतेक लोक पंधराव्या दिवशी सोडून देतात. दोष त्यांचा नाही, आम्ही आधी सांगत नाही. त्याहून अवघड दुखण्यात अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रांत सिलिकॉनचं इवलंसं बूच बसवतात, किंवा रुग्णाच्याच रक्तातला द्रव वेगळा काढून त्याचे थेंब करतात.

माशाच्या तेलाच्या कॅप्सूलचं नेहमी विचारतात. 2018 मध्ये अमेरिकेतला एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, पाचशेहून जास्त रुग्ण, पूर्ण वर्षभर. माशाच्या तेलातलं ओमेगा-3 घेणारे आणि साधं ऑलिव्ह तेल घेणारे, दोघांनाही सारखाच आराम. जवसाची चटणी जरूर खा, पण कॅप्सूलसाठी घरखर्च ओढू नका.

आपल्या गावात एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसला जातो आणि खाटेसमोर कूलर लागतो. त्याचा झोत तोंडावर येऊ देऊ नका. कूलर पायांकडे फिरवला एवढ्यानं सकाळी डोळे उघडताना होणारी खरखर कमी झालेले लोक मी पाहिलेत. मोबाइल पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते आणि जी होते ती अर्धवट, तेल दाबलंच जात नाही. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, नैराश्यावरची काही औषधं, मुरमांवरची आयसोट्रेटिनॉइन, यांनीही डोळे कोरडे पडतात, तेव्हा चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं दाखवायला घेऊन या.

इथे बसलेल्या बायकांना वेगळं सांगते. पाळी जाण्याच्या वयात हे दुखणं सुरू होतं आणि घरी कोणी मनावर घेत नाही. नंबर ठीक, पडदा ठीक, मग तुला झालंय काय? तपासणीत थोडंच दिसतं आणि त्रास फार असतो, असं या आजारात नेहमी घडतं. कधी बुबुळाच्या नसाच दुखावलेल्या असतात. पोथी वाचायची सोडलेल्या, रात्री स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटकडे बघवत नाही म्हणून अंधारात भांडी आवरणाऱ्या बायका मला भेटल्या आहेत. तुम्हाला दुखतंय तर ते दुखतंय. मला स्वतःला सहा वर्षांपासून आहे.

डोळा एकाएकी फार दुखला, उजेड सोसेना, दिसणं कमी झालं किंवा पू आला, तर मात्र शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

आता या थर्मासमध्ये गरम पाणी आहे आणि हा धुतलेला सुती पंचा. पंचा बुडवून पिळायचा, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचा. चटका बसला तर थांबायचं, सोसवेल एवढीच ऊब हवी. डोळे मिटून वर ठेवायचा. दीड-दोन मिनिटांत तो निवतो, पुन्हा बुडवायचा. असं दहा मिनिटं. लगेच, तेल पातळ आहे तोवर, वरची पापणी बोटानं वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेनं हलकेच निपटायची. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. मोतीबिंदूचं किंवा काचबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच करायचं. मग उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस भिजवून पापणीची कड पुसायची. सकाळ-संध्याकाळ, निदान दीड-दोन महिने.

पुढच्या रांगेतल्या काकू, या इकडे, चष्मा काढा. पंचा तुम्हीच पिळा.