पाईपात मुरलेला वास

(दृश्य: मेजावर जुना ब्रायर पाईप. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

या पाईपात आत्ता चिमूटभरही तंबाखू नाही. तरी नाक जवळ नेलं की आधी गुलाबाचा वास येतो, मग अंगाच्या साबणासारखा, आणि त्याच्या मागोमाग एक गोडसर, उग्र दर्प. पाईप ओढणाऱ्या माणसाला हा वास लगेच ओळखू येतो. तो केंडलचा.

वायव्य इंग्लंडमधल्या सरोवरांच्या प्रदेशातलं केंडल हे गाव अठराव्या शतकापासून तपकीर आणि तंबाखूसाठी नावाजलेलं आहे. इथल्या काही तंबाखूंत टोंका नावाच्या सुवासिक बियांचा आणि फुलांचा सुगंध घालतात. असा तंबाखू काही वेळा ओढला, की नंतर त्याच पाईपात साधा व्हर्जिनिया तंबाखू भरला तरी तोंडात केंडलच येतं. पाईपवाले म्हणतात, पाईपाला भूत लागलं.

(दृश्य: दांडीवरचा ठसा, लाकडाचे रेघारेघांचे नक्षीकाम.)

ठसा सँ-क्लोदचा आहे. फ्रान्सच्या जुरा डोंगरातलं हे गाव. इथले कारागीर पूर्वी लाकूड कातून जपमाळा आणि धार्मिक वस्तू घडवायचे. १८५० च्या दशकात त्यांच्या हाती ब्रायर आलं आणि गावाचा धंदाच बदलला. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठाने वाढणारं एक झुडूप. त्याच्या बुंध्याखाली, मुळाच्या तोंडाशी, मोठी गाठ धरते. जंगलातला वणवा विझला की याच गाठीतून झुडूप पुन्हा फुटतं. तिचं लाकूड सहज जळत नाही ते म्हणूनच.

ती गाठ खणून काढतात, वाळून तडकू नये म्हणून ओली ठेवतात, करवतीवर तिचे ठोकळे पाडतात आणि ते पाण्यात तासन्‌तास उकळतात. लाकडातला कडू रस निघून जातो. मग सावलीत महिनोन्‌महिने वाळवण. एवढं सोसल्यावर तो ठोकळा पाईप होण्याच्या लायकीचा ठरतो. असा पाईप वासासाठी फेकून द्यायचा, किंवा आतून पॉलिशपेपरने घासून पातळ करायचा, हे मला पटत नाही. मुळात वास बहुतेक वेळा लाकडात नसतोच.

(दृश्य: रीमर बाऊलमध्ये फिरतो. काळी भुकटी कागदावर पडते.)

तो इथे असतो. बाऊलच्या, म्हणजे तंबाखू भरायच्या वाटीच्या, आतल्या बाजूला जळून जळून बसलेला हा कार्बनचा थर. याला केक म्हणतात. पातळसा केक लाकडाला आगीपासून वाचवतो, म्हणून ठेवायचाही असतो. पण तो स्पंजासारखा सच्छिद्र असतो आणि प्रत्येक तंबाखूचं तेल पिऊन बसतो. भूत घालवायचं तर तो जवळजवळ सगळा काढावा लागतो. हात बघा, रीमर, म्हणजे केक खरवडायचं हे हत्यार, दाबत नाही, नुसता फिरवतोय. लाकूड लागलं की हाताला कळतं, आवाजही बदलतो.

केकपेक्षा घाण जागा म्हणजे दांडीतली नळी. धूर तिथे थंड होतो आणि त्यातलं डांबर आणि पाणी तिथेच साचतं. अल्कोहोलमध्ये बुडवलेला पाईप क्लीनर आत गेला, आणि हा बाहेर आला. काळाकुट्ट. दुसरा. तिसरा. पांढरा निघेपर्यंत हेच काम. घाईत असलेली माणसं ही नळी सोडून देतात आणि मग वास गेला नाही म्हणून लाकडाला दोष देतात.

स्टेम, म्हणजे तोंडात धरायचा भाग, आधीच काढून ठेवलाय. पाईप गरम असताना स्टेम कधीही उपसून काढायचा नाही, दांडी तडकते. स्टेम व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचा. उजेडात राहून हिरवट पडलाय. त्याची सफाई वेगळी.

(दृश्य: बाऊलमध्ये मीठ. ड्रॉपरने थेंब थेंब अल्कोहोल.)

आता मीठ. जाडं, साधं. दांडीच्या भोकात कापसाचा बोळा, बाऊल काठापर्यंत मिठाने भरलेला, आणि वरून मीठ भिजेल इतकंच तीव्र, पिण्याच्या प्रतीचं अल्कोहोल. अल्कोहोल तेलं आणि डांबर विरघळवतं, आणि उडून जाताना ती वर मिठात ओढून आणतं. हे मीठ पांढरं होतं. रात्रभर ठेवल्यानंतर ते असं चहाच्या रंगाचं झालंय.

काही जण मिठाऐवजी कापूसच वापरतात, कारण नळीत मीठ अडकून राहिलं तर लाकूड चिरतं असा त्यांचा अनुभव आहे. कापसाने काम हळू होतं, पण याहून फार जुन्या पाईपाला मी तोच सुचवेन. बाहेरून मात्र अल्कोहोलचा थेंबही लागू द्यायचा नाही. पुष्कळ पाईपांवर लाखेचं पॉलिश असतं, ते जागच्या जागी सुटतं. मीरशॉम, म्हणजे तुर्कस्तानातल्या एस्किशेहिरचा तो पांढरा मऊ दगड, त्याच्या पाईपांना तर ही पद्धत लावूच नये.

मातीच्या पाईपांचं काम सोपं होतं. जुन्या इंग्लंडात मळलेले पाईप लोखंडी जाळीत रचून भट्टीत भाजायचे, की पुन्हा पांढरे. लाकडाला ती सोय नाही.

तंबाखूने तोंडाचा, जिभेचा, घशाचा कर्करोग होतो, पाईपनेही होतो.

(दृश्य: धुतल्यासारखा दिसणारा बाऊल, शेजारी मक्याच्या कणसाचा पाईप.)

मीठ झटकलं, नळी पुन्हा पुसली. आता काही दिवस पाईप उघड्यावर वाळेल, अल्कोहोलचा वास पूर्ण जाईपर्यंत. मग पहिली भरणी साध्या, बिनवासाच्या तंबाखूची. तरीही गुलाब डोकावला तर मीठ पुन्हा एकदा. केंडलचा तंबाखू यापुढे शेजारच्या या पाईपात जाईल. अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावात हे कणसांचे पाईप १८६९ पासून बनतात, स्वस्त असतात, आणि एकाच वासाला वाहून टाकायला परवडतात.