रँडी ट्रॅव्हिस आणि 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ': तेच गाणं, दोनदा रिलीज

१९८५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत एक कंट्री (म्हणजे तिकडच्या गावाकडच्या, लोकसंगीताच्या वळणाचं) गाणं आलं, 'ऑन द अदर हँड'. बिलबोर्ड मासिकाच्या कंट्री चार्टवर ते कसंबसं ६७ नंबरपर्यंत गेलं आणि तिथूनच खाली आलं. विषय संपला. आणि मग एप्रिल १९८६ मध्ये कंपनीने तेच गाणं परत बाजारात आणलं, तेच म्हणजे अगदी तेच हं, तोच आवाज, तेच रेकॉर्डिंग, आणि जुलै संपेपर्यंत ते पहिल्या नंबरवर!

गाणाऱ्याचं नाव रँडी ट्रॅव्हिस. आणि ज्या अल्बममध्ये हे गाणं आहे तो 'स्टॉर्म्स ऑफ लाइफ', २ जून १९८६ ला आला. दहा गाणी, फार लांबलचक नाही. पण माझ्या मते ऐंशीच्या दशकात नॅशव्हिलमधून इतका प्रामाणिक अल्बम दुसरा आला नाही, आणि मी हे विचार करून बोलतोय.

आता त्या वेळचं नॅशव्हिल कसं होतं ते आधी समजून घ्या. नॅशव्हिल म्हणजे टेनेसी राज्यातलं शहर, कंट्री म्युझिकची पंढरी. १९८० मध्ये जॉन ट्रॅव्होल्टाचा 'अर्बन काउबॉय' सिनेमा आला आणि सगळ्या देशात काउबॉय हॅटची फॅशन झाली, मग कंपन्यांना वाटलं हाच मार्ग, कंट्रीला पॉपसारखं गुळगुळीत करा, सिंथेसायझर लावा, व्हायोलिनचे ताफे लावा, शहरातली माणसं पण घेतील. काही वर्षं घेतलं लोकांनी. मग कंटाळले. १९८५ च्या सप्टेंबरमध्ये तर न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर छापलं की नॅशव्हिल साउंडचे दिवस भरत आलेत.

आणि त्याच नॅशव्हिलमध्ये हा पोरगा 'नॅशव्हिल पॅलेस' नावाच्या क्लबच्या किचनमध्ये कॅटफिश मासे तळत होता, भांडी घासत होता, आणि मध्येच एप्रन काढून स्टेजवर जाऊन गात होता.

मूळचा नॉर्थ कॅरोलायनामधल्या मार्शव्हिलचा, जन्म १९५९ चा, खरं नाव रँडी ट्रेविक. वडिलांना हँक विल्यम्स, लेफ्टी फ्रिझेल ही जुनी गाणारी मंडळी जीव की प्राण, तेच सूर पोराच्या कानात बसले. पण पोरगा वाया चाललेला होता, दारू, ड्रग्ज, चोऱ्या, पोलीस, सगळं करून झालं होतं. शार्लट शहरात लिब हॅचर नावाच्या बाईंचा क्लब होता, तिथल्या टॅलेंट कॉन्टेस्टमध्ये हा जिंकला, आणि पुढे जेलमध्ये जायची वेळ आली तेव्हा त्याच बाई कोर्टात उभ्या राहिल्या की याला माझ्या ताब्यात द्या, मी बघते. जज म्हणाले ठीक आहे, पण परत इथे दिसलास तर जेलच्या तयारीनेच ये. तो परत दिसला नाही. बाईंनी त्याला नॅशव्हिलला आणलं, स्वतः पॅलेस क्लब चालवायला घेतला आणि याला किचनमध्ये ठेवलं, रात्री गायला मिळेल म्हणून.

पण गावातल्या एकूण एक कंपनीने नकार दिला. एकदा नाही, काहींनी दोनदा. कारण काय तर आवाज जास्तच कंट्री आहे, जुनाट वाटतो, चालणार नाही. कंट्री म्युझिकच्या राजधानीत हे कारण! शेवटी वॉर्नर ब्रदर्सच्या मार्था शार्प यांनी ऐकलं, त्यांना आवडलं, आणि त्यांनी थोडा धोका पत्करून साइन केलं.

प्रोड्यूसर कोण मिळाला तर काईल लेहनिंग, जो तोपर्यंत सॉफ्ट पॉपसाठी ओळखला जायचा (दोन-तीन गाण्यांत कीथ स्टीगलचाही हात आहे). म्हणजे गुळगुळीत करायचं ठरवलं असतं तर सहज जमलं असतं त्याला. पण त्याने उलटं केलं, सगळं बाजूला काढलं आणि मधोमध आवाज ठेवला. हे हेडफोन लावून ऐका. अकूस्टिक गिटार, मागे फिडल (म्हणजे गावाकडच्या ढंगाने वाजवलेलं व्हायोलिन), आणि ती पेडल स्टील गिटार, जी आडवी ठेवून तारांवर लोखंडी दांडी सरकवत वाजवतात, जुन्या हिंदी गाण्यांत जी हवाईयन गिटार वाजायची त्याच घराण्यातली. सगळे वादक आवाजाला जागा देतात, कोणी मध्ये घुसत नाही. आणि रँडी ओळीच्या शेवटी आवाज वर नेत नाही, खाली सोडतो, एकदम खर्जात, जिथे दुसरा गायक ताकद दाखवेल तिथे हा माघार घेतो. सत्तावीस वर्षांचा पोरगा गातोय पण वाटतं पन्नाशीचा माणूस बोलतोय.

'ऑन द अदर हँड' ची गोष्ट साधी आहे. लग्न झालेला माणूस दुसऱ्या बाईच्या जवळ आलाय, मन तिच्याकडे ओढ घेतंय, एका हातावर तो तिच्यापाशी थांबायची कारणं मोजतो, आणि दुसऱ्या हातात लग्नाची अंगठी आहे. बस. उपदेश नाही, रडारड नाही. पॉल ओव्हरस्ट्रीट आणि डॉन श्लिट्झ यांनी लिहिलंय.

मग ते आधी पडलं का आणि नंतर चाललं का? मध्ये एक दुसरं गाणं आलं, डिसेंबर १९८५ मध्ये, '१९८२' नावाचं. त्यात माणूस टेलिफोन ऑपरेटरला विनवतो की मला १९८२ ला कॉल जोडून दे, तिथे ती आहे. (ज्यांनी ट्रंक कॉल लावून ताटकळत बसलेले दिवस बघितलेत त्यांना हे गाणं लगेच कळेल.) ते सहाव्या नंबरपर्यंत गेलं, रेडिओवाल्यांना नाव माहीत झालं, आणि मग कंपनीने जुनं गाणं परत काढायची हिंमत केली. कंपनीला हे सुचलं यासाठी मी त्यांना मनापासून दाद देतो, पडलेलं गाणं परत कोण काढतं?

पुढे 'डिगिंग अप बोन्स' पहिल्या नंबरवर, 'नो प्लेस लाइक होम' दुसऱ्या. अल्बम स्वतः कंट्री चार्टवर पहिला, आणि पुढे अमेरिकेत ट्रिपल प्लॅटिनम, म्हणजे तीस लाखांच्या वर.

तो एकटा होता असं नाही, जॉर्ज स्ट्रेट आणि रिकी स्कॅग्ज आधीपासून त्याच वाटेवर होते, आणि ड्वाइट योकम, स्टीव्ह अर्ल यांचे पहिले अल्बम पण १९८६ चेच. पण कंपन्यांना जुना सूर विकला जातो हे आकड्यांत पटवलं ते रँडीने. मग १९८९ च्या आसपास क्लिंट ब्लॅक, ॲलन जॅक्सन, गार्थ ब्रुक्स यांच्यासाठी दरवाजा उघडाच होता.

२०१३ मध्ये रँडीला स्ट्रोक आला आणि बोलणंच जवळजवळ गेलं. २०१६ मध्ये कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये घेतलं तेव्हा त्याने 'अमेझिंग ग्रेस' गाऊन दाखवलं, अडखळत. २०२४ च्या मे महिन्यात त्याच्या आवाजात नवीन गाणं आलं, दुसऱ्या गायकाने गायलेलं आणि एआयने रँडीच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचा आवाज चढवलेलं, आणि तिथेही प्रोड्यूसर तोच काईल लेहनिंग. एआयबद्दल बरीच भांडणं होऊ शकतात, पण इथे स्वतः रँडीची परवानगी होती, म्हणून मला ते योग्य वाटतं. तरी आवाज काय चीज होता ते बघायचं तर १९८६ कडेच जावं लागतं.

ऐकायला सुरुवात हिट गाण्यांपासून नका करू. 'रीझन्स आय चीट' लावा, ते रँडीने स्वतः लिहिलंय, विशीतल्या पोराने, थकलेल्या आणि स्वप्नं राहून गेलेल्या माणसाबद्दल. मग 'सेंड माय बॉडी', तेही त्याचंच, त्यात माणूस सांगतो की माझा देह मालगाडीने घरी पाठवा, पोचायला उशीर झाला तरी चालेल. ही दोन झाली की मग अल्बम पहिल्यापासून लावा, आणि शफल बंद ठेवा.