डोळा, डोला, डोया, डोरा

(वर्सोवा. पहाट. जेट्टीला होड्या लागताहेत.)

होडी नाही, इथं होरी म्हणायचं. आणि तिच्यातून उतरते ती मासली. टोपलीशी बसलेल्या मावशींना आम्ही डोळ्याकडे बोट दाखवून एवढंच विचारलं, याला काय म्हणता? त्यांनी आधी आमच्याकडे नीट पाहून घेतलं, मग पापणीवर बोट ठेवलं. "डोला."

(अकोल्याजवळचं शेत. कापसाची वेचणी.)

पऱ्हाटीच्या ओळीत तोच प्रश्न. "डोया." मागून एक आवाज येतो, "काहून इचारून रायले हे?"

(साकोली, भंडारा जिल्हा. बोडीचा, म्हणजे लहान तळ्याचा, काठ.)

विदर्भाच्या पूर्व टोकाला, झाडीपट्टीत आलो. "डोरा."

(जुन्या पुस्तकाची पानं.)

ग्रिअर्सन या ब्रिटिश अधिकाऱ्यानं भारतातल्या भाषांची पाहणी केली. तिचा मराठीचा सातवा खंड 1905 साली निघाला. बोलीबोलीतून त्यानं एकच गोष्ट गोळा केली, घर सोडून गेलेल्या उधळ्या मुलाची. आम्ही त्याच्याहून आळशी. गोष्ट नाही, एक शब्द घेऊन निघालो.

(ओठांचा क्लोजअप. एकामागून एक चार चेहरे.)

आता जिभेकडे पाहा. ळ म्हणताना तिचं टोक मागं वळतं, टाळूला टेकतं आणि पुढं आपटतं. अवघड कसरत आहे. मराठी शब्दाची सुरुवात कधी ळनं होत नाही, तो यायचा तर मधे नाहीतर शेवटी. कोळीवाड्यात जीभ मागं वळत नाही, वरच्या दातांमागं टेकते आणि ल होतो. झाडीत ती नुसती फडकते, र होतो. वऱ्हाडात टेकतच नाही. मधला भाग तेवढा उचलला जातो, आणि ऐकू येतो य. खानदेशातही तोच. मालवणात ळ जागच्या जागी आहे, पण तिथं डोळ्याचा 'डोळो' झालाय.

(पुन्हा शेत. बांधावर बैलजोडी.)

याला आळशी जीभ म्हणणारे भेटतात. त्यांनी अकोल्याकडच्या, कापूस वेचणाऱ्या या बाईंचं बोलणं थोडा वेळ ऐकावं. काळा म्हणजे काया, शाळा म्हणजे शाया, माळी म्हणजे मायी. पण बैल? बैल बैलच. 'बैय' त्या चुकूनही म्हणणार नाहीत. तोंडात ळ नसला, तरी ल आणि ळ यांच्यातला फरक त्यांनी जपलाय. व्याकरण याहून वेगळं काय असतं?

जळगावकडच्या बहिणाबाई चौधरींच्या तोंडी हाच य होता. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या मागं, 1952 साली, गाणी छापली गेली, तेव्हाही तो य तसाच राहिला.

(नदीघाट. पाठांतराचा आवाज.)

ऋग्वेदाची सुरुवातच ऐका. अग्निमीळे. दुसऱ्याच पावलाला ळ. पुढच्या अभिजात संस्कृतातून मात्र तो गेला. कालिदासाकडे ळ नाही, प्रमाण हिंदीतही नाही. म्हणून कालिदासाला कुणी गावंढळ म्हटल्याचं ऐकिवात नाही. (आणि गावंढळ म्हणायला ळ लागतोच, हा आणखी एक विनोद.)

(वर्ग. फळ्यावर 'शाळा'. मागच्या बाकावरचा मुलगा.)

'शाया' म्हटल्यावर वर्ग हसतो. काही मुलं मग बोलणंच सोडतात.

(अमरावती बसस्थानक. कॉलेजची मुलगी, फोनवर.)

पलीकडे मॅडम आहेत. उद्या किती वाजता यायचं, ते ठरतंय. "हो मॅडम, सकाळी." फोन ठेवते न ठेवते तोच पुन्हा वाजतो. स्क्रीनवर नाव, आजी. तिकडून काहीतरी विचारलं जातं. मुलगी पिशवी खांद्यावर टाकत गाडीकडे वळते.

"सकायी."