वरची पकड, खालची पकड

नमस्कार मंडळी. समोर टेबलावर ठेवलंय ते तेरा मिलिमीटरचं बेंच ड्रिल. 'तेरा' म्हणजे चकात, म्हणजे मशीनच्या वरच्या जबड्यात, तेरा मिलिमीटर जाडीपर्यंतचं ड्रिल, म्हणजे भोक पाडणारं पातं, मावतं. घरासाठी एवढं रग्गड झालं. माझं बाल्कनीत उभं आहे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंशी संबंध अजून चांगले आहेत. बुडाखाली जाड रबर घातलंय, ही त्यातली मेख.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे हातातलं ड्रिल मशीन आहे. मग हे कशाला घ्यायचं? ताकदीसाठी, असं उत्तर बहुतेक जण देतात. ते चूक आहे. आतली मोटर अर्ध्या हॉर्सपॉवरची, तिची फार ऐट नाही. हे मशीन तुम्हाला सरळपणा देतं. भोक टेबलाला काटकोनात पडतं, आणि दहा भोकं पाडली तर दहाही तशीच पडतात. पण त्याला एक अट आहे. वरून ड्रिलला चकानं धरलंय. खालून जॉबला, म्हणजे ज्यात भोक पाडायचं त्या तुकड्याला, कोणी धरलंय? आज मी मुख्यतः या खालच्या पकडीबद्दल बोलणार आहे. वरचीची काळजी मशीन बनवणाऱ्यानं घेतलेली असते.

आपल्याकडचा सुतार भोक पाडायला सामता वापरायचा. धनुकलीच्या दोरीला वेढा देऊन सामता फिरवायचा आणि लाकूड पायाखाली दाबून धरायचा. आपण विजेवरचं मशीन आणलं आणि पाय काढून घेतला, त्या जागी डावा हात ठेवला. भोसरीत टूलरूममध्ये उमेदवारीच्या पहिल्या वर्षी मीही तेच केलं. व्हाइस, म्हणजे जॉब आवळून धरणारा शिकंजा, न लावता हातानं धरलं. दोन मिलिमीटरचा पत्रा, दहाचं ड्रिल. भोक आरपार होताना ड्रिलच्या धारेनं पत्रा उचलला, स्क्रूवर नट चढावा तसा तो वर चढला आणि गरगर फिरला. अंगठ्याच्या मुळाशी चार टाके पडले. खूण अजून आहे, नंतर दाखवतो. आमचे मिस्त्री रागावले नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "पोरा, व्हाइस कुठाय?" मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

असं का होतं, ते समजून घ्या. धातू पुरेसा जाड असतो तोवर ड्रिलचं टोक त्यात टेकून असतं. टोक पलीकडे निघालं की आधार जातो आणि उरलेल्या पातळ कडेत धारा एकदम अडकतात. म्हणजे धोका शेवटच्या मिलिमीटरला आहे, नेमका आपण "झालं!" म्हणून जोर लावतो तेव्हा. तिथे जोर कमी करायचा, वाढवायचा नाही. पत्रा असेल तर दोन लाकडी फळ्यांमध्ये दाबून सँडविच करा आणि भोक फळ्यांसकट पाडा. कडा फाटत नाहीत, भोक तिकोनी होत नाही.

लांब पट्टी असेल आणि व्हाइसमध्ये बसत नसेल, तर तिचं डावं टोक मशीनच्या खांबाच्या डाव्या बाजूला टेकवा. चक वरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. पट्टी फिरायला गेली तर खांबावर आपटून थांबेल, तुमच्या पोटात येणार नाही. क्लॅम्प तरीही लावायचाच.

आता मशीन विकत घेताना. राजकोट, बटाला, लुधियाना इकडून भरपूर येतात, नवी आणि जुनीही. पुण्यात जुन्या बाजारात रविवारी चक्कर मारली तर एखादं ओतीव लोखंडाचं भारदस्त मशीन नजरेला पडेल. रंगाला भुलू नका. हँडल खाली ओढून स्पिंडलची नळी, म्हणजे चकासकट खाली-वर होणारा भाग, पूर्ण बाहेर काढा आणि ती हातानं डावी-उजवी हलवा. खटखट जाणवली तर पुढच्या दुकानात चला. मग चकात चांगला सरळ रॉड पकडून चक हातानं फिरवा आणि रॉडचं टोक बघत राहा. ते डोललं तर तुमचं भोकही डोलेल.

घरी आणल्यावर पहिलं काम बोल्ट. मशीनचं डोकं जड असतं, नुसतं टेबलावर ठेवलं तर उलथतं. बुडाला भोकं त्यासाठीच दिलीत. दुसरं अर्थिंग, तीन पिनेचंच. तिसरी गोष्ट कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आपल्याकडे वीज जाते. मशीन चालू असताना गेली, तुम्ही चहाला उठलात, व्हाइस साफ करायला हात घातला आणि वीज परत आली, तर साध्या बटणावरचं मशीन आपोआप फिरायला लागतं. नो-व्होल्ट स्विच बसवून घ्या. वीज परत आली तरी हिरवं बटण दाबेपर्यंत तो ढिम्म राहतो.

चौथं, टेबल सरळ आहे का ते तपासणं. यासाठी महागडं काही लागत नाही. सायकलची जुनी तार काटकोनात वाकवा आणि एक टोक चकात धरा. दुसरं टोक टेबलाला निसटतं टेकेल एवढं खाली आणून नळी लॉक करा. प्लग काढा. आता टोकाखाली कागदाचा कपटा ठेवा आणि चक हातानं फिरवत पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कपटा ओढून बघा. चारही ठिकाणी सारखाच घट्ट लागला तर टेबल बरोबर. डावीकडे घट्ट आणि उजवीकडे सैल लागला तर टेबलाखालचा बोल्ट ढिला करून टेबल कलतं करा. तिथे अंशांची पट्टी असते, तिच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पुढे-मागे फरक असेल तर टेबल तसं हलत नाही, मग व्हाइसखाली पातळ पत्र्याची कात्रण सारायची.

वेगाचं गणित मघाशी एका ताईंनी विचारलं. हाय-स्पीड स्टीलचं ड्रिल आणि साधं लोखंड असेल तर धारेचा वेग मिनिटाला साधारण २५ मीटर धरा. त्याला ३२० नं गुणा आणि ड्रिलच्या मिलिमीटरमधल्या व्यासानं भागा. दहाच्या ड्रिलला मिनिटाला ८०० फेरे, पाचच्या ड्रिलला १६००. जाड ड्रिल सावकाश, बारीक ड्रिल जोरात. लोक नेमकं उलटं करतात, कारण बारीक ड्रिलची भीती वाटते. अॅल्युमिनियमला वेग दुपटीहून जास्त चालतो, स्टेनलेसला निम्मा. वरचं झाकण उघडून पट्टा दुसऱ्या पुलीवर सरकवायला दोन मिनिटं लागतात. त्या दोन मिनिटांचा कंटाळा केला की शंभर रुपयांचं ड्रिल तापून निळं पडतं.

आता प्रत्यक्ष भोक. पाच मिलिमीटरचं पाडायचंय, नंतर त्यात एम ६ चे, म्हणजे सहा मिलिमीटरच्या स्क्रूचे, आटे पाडायचेत. आखणी करून फुली मारली. फुलीवर पंच, म्हणजे खळगा पाडणारी टोकदार खुंटी, हलकासा मारायचा आणि वाकून बघायचं. खूण सरकली असेल तर पंच तिरका धरून तिला जागेवर ओढायची, मगच जोरात मारायचा. जॉब व्हाइसमध्ये घट्ट, पण व्हाइस टेबलावर मोकळा. मशीन बंद ठेवून ड्रिल खाली आणा, टोक पंचाच्या खळग्यात बसू द्या. व्हाइस स्वतःच जागा शोधतो. मग त्याचे बोल्ट आवळा. आधी बोल्ट आवळून मग ठोकाठोक करत बसलात तर संध्याकाळ होईल.

दहाचं भोक असतं तर आधी तीनचं पाडलं असतं. ड्रिलच्या अगदी टोकाशी जी छिन्नीसारखी आडवी कड असते, ती कापत नाही, नुसती रगडते. तिच्यापुरतं भोक आधी करून दिलं की जोर निम्मा लागतो. पण तीन, चार, पाच, सहा असा जिना चढू नका. मग ड्रिलच्या फक्त कडाच कापतात आणि झटकन अडकतात.

हे बघा, दोन्ही खाचांतून सारख्या कुरळ्या पट्ट्या निघतायत. चकलीच्या सोऱ्यातून याव्यात तशा. एकाच बाजूनं निघाल्या तर समजायचं, धार एकीकडे जास्त लागलीय आणि भोक मोठं होणार. मध्येमध्ये ड्रिल वर घ्या, कीस झटकू द्या. ब्रशनं कूलंटचे, म्हणजे ड्रिल थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, चार थेंब. ओतीव लोखंड मात्र कोरडंच. आणि कीस हातानं काढायचा नाही, ब्लेडपेक्षा धारदार असतो. फुंकरही नको, डोळ्यात जातो. चष्मा हवाच.

चक आवळायच्या चावीबद्दल एक सांगतो. आज आपण वापरतो तसल्या चकाचं पेटंट आर्थर जेकब्स या अमेरिकन माणसानं १९०२ मध्ये घेतलं. त्याआधीच्या चकावर बोटांची सालटी निघाली म्हणून त्यानं तो शोधला, असं सांगतात. एवढं करून चावी चकात विसरून मशीन सुरू केलं तर ती गोळीसारखी सुटते. आमचा नियम असा, की चावी चकात असताना हात चावीवरून काढायचा नाही. ती मशीनला दोरीनं बांधून ठेवण्याची सवय तर सगळ्यात वाईट, दोरीसकट गुंडाळली जाते.

हातमोजे घालायचे नाहीत, याचं अनेकांना नवल वाटतं. फिरत्या ड्रिलनं मोज्याचा धागा पकडला तर बोट पाठोपाठ जातं. ओढणी, लांब बाह्या, मोकळे केस, मनगटावरचा दोरा, राखी, सगळ्यांना तोच न्याय. खंडेनवमीला आपण मशीनला झेंडूचा हार घालतो. मीही घालतो. पण दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बटण दाबण्याआधी तो उतरवतो. एका वर्षी विसरलो होतो, बाल्कनीभर पाकळ्या झाल्या. हसू नका, ती फक्त फुलं होती म्हणून हसताय.

बरं, आता मी बाजूला होतो. दुसरी पट्टी व्हाइसमध्ये लावून ठेवलीय, पण व्हाइसचे बोल्ट मुद्दाम ढिले आहेत. कोण येतंय पुढे? या ताई, या. आधी ती अंगठी काढून इकडे द्या.