कबर चुकली तर कुटुंबाने कुठे जावे?

दफन म्हटले की आपल्याला मुसलमान आणि ख्रिस्ती बांधवच आठवतात. परंतु लिंगायत, गोसावी आणि नाथपंथी कुटुंबेही आपली माणसे मातीच्या स्वाधीन करतात, आणि तान्ह्या मुलांना पुरण्याची रीत तर दहन करणाऱ्या घरांतही आहे. त्यामुळे आपले माणूस चुकीच्या कबरीत पुरले गेले तर काय करायचे, हा विषय या सभागृहातल्या कोणालाही परका नाही.

वकिलीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे दोन भाऊ आले होते. आईला वडिलांच्या शेजारी ठेवायचे म्हणून त्यांनी जागेचे पैसे भरले होते आणि पावती जपून ठेवली होती. वर्षभराने क्रूस बसवायला गेले, तेव्हा वडिलांच्या शेजारी परक्या माणसाचे नाव होते आणि आई तीन ओळी पलीकडे असावी, असे कार्यालयाने सांगितले. ‘असावी’ हाच शब्द त्यांनी वापरला. नोंदवहीतला कबरीचा क्रमांक वेगळ्या शाईने गिरवलेला होता, आणि मूळ आकडा कोणता हे कोणालाच सांगता येईना. धाकटा भाऊ पुढे कित्येक रविवार दोन्ही कबरींवर फुले ठेवत राहिला. तेव्हापासून मी एकच आग्रह धरत आलो आहे: दफन झाले त्याच आठवड्यात नोंदीची प्रमाणित प्रत मागा. शोकाच्या दिवसांत हे सांगणे निष्ठुर वाटते, याची मला जाणीव आहे; तरीही मी ते सांगतो, कारण पुढचे सगळे उपाय त्या एका ओळीवर उभे राहतात.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून ते उपाय आता थोडक्यात सांगतो. गुन्हे आणि शिक्षा ठरवणाऱ्या भारतीय न्याय संहितेचे कलम ३०१ दफनभूमीच्या विटंबनेबद्दल आहे; पण त्याला भावना दुखावण्याचा हेतू किंवा तशी जाणीव लागते, त्यामुळे निव्वळ चूक त्यात बसत नाही. फौजदारी तपासाची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ खाली दंडाधिकारी प्रेत उकरून काढू शकतात, मात्र ते मृत्यूच्या कारणाच्या चौकशीसाठी. म्हणून कबर उघडायची असेल तर बहुधा राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली याचिका घेऊन उच्च न्यायालयातच जावे लागते.

तिथेही काश्मीरच्या मागरे प्रकरणातला, म्हणजे चकमकीत मारल्या गेलेल्या मुलाचा पुरलेला देह परत मागणाऱ्या वडिलांच्या खटल्यातला, सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल आडवा येतो. मृताच्या सन्मानाचा हक्क न्यायालयाने मान्य केला, परंतु एकदा पुरलेला देह कायद्याच्या ताब्यात असतो आणि तो बाहेर काढणे हा कोणाचा आपोआप मिळणारा हक्क नव्हे, असे म्हटले. कबरीपाशी प्रार्थना करू देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाईचा उच्च न्यायालयाचा आदेश मात्र कायम राहिला. देहाची अवस्था न्यायालय पाहते, म्हणून विलंब फार महाग पडतो.

शुल्क घेतले असेल तर ग्राहक आयोगाकडे २ वर्षांच्या आत तक्रार करता येते; मोफत सेवेला तो कायदा लागू नाही, तिथे दिवाणी दावा उरतो. दफनभूमी पालिकेची असेल तर माहिती अधिकारात नोंदवही मागावी. आणि याचिकेत दुसऱ्या कुटुंबाला पक्षकार करायला विसरू नका, कारण उघडली जाणारी कबर त्यांच्याही माणसाची असते.