गेटपासवर सही कोणाची?

बंधू-भगिनींनो, सुपरवायझरला कामगार धरायचं का, युनियनमध्ये त्याला मत असावं का, यावर आज बोलायचंय. त्यासाठी येताना मी घरून एक कागद आणलाय. मागच्या रांगांना दिसणार नाही, म्हणून सांगतो. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यातला हा 1998 सालचा गेटपास आहे. खाली सहीसाठी दोन चौकोन आहेत. डावीकडे ‘सुपरवायझर’, उजवीकडे ‘विभागप्रमुख’. डावीकडची सही माझी. उजवा चौकोन रिकामा आहे, आणि तो रिकामा राहिला म्हणूनच हा पास माझ्याकडे उरला. आमच्या लाइनवरच्या एका मुलाची आई सिव्हिल हॉस्पिटलात होती. मी सही करून त्याला सोडलं. गेटवरच्या वॉचमनने अडवलं, मोठ्या साहेबांची सही आणा म्हणाला. साहेब मीटिंगमध्ये. पोरगा पाऊण तास गेटवर उभा होता.

त्याच वर्षी आमच्या युनियनच्या मान्यतेची, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणी करण्याच्या हक्काची, पडताळणी लागली. मॅनेजमेंटने लेखी हरकत घेतली की अठरा जण सुपरवायझर आहेत, त्यांची नावं यादीतून काढा. त्यात माझं नाव होतं. चार महिन्यांपूर्वीच मला ‘असिस्टंट सुपरवायझर’चं पत्र मिळालं होतं. घरी पेढे वाटले होते आम्ही. काम मात्र तेच, मशीन सेट करायचं, पहिला जॉब तपासायचा, कोणी दांडी मारली की स्वतः मशीनवर उभं राहायचं.

अठरा नावांनी काय होतं, असं तरुण मुलं विचारतात. पडताळणीचं गणित बघा. आपल्या राज्याच्या 1971 च्या युनियन-मान्यतेच्या कायद्यात गुप्त मतदान नाही, सभासद मोजतात. पन्नास किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात, अर्जाच्या आधीचे सलग सहा महिने किमान 30 टक्के कामगार सभासद असले पाहिजेत. समजा कारखान्यात 300 कामगार आणि युनियनचे 100 सभासद. लागतात 90, म्हणजे मान्यता मिळाली. आता त्यातल्या 30 सभासदांना सुपरवायझर ठरवा. उरले 270, लागतात 81 आणि युनियनकडे राहिले 70. कोणालाही कामावरून न काढता, कोणाचंही सभासदत्व रद्द न करता युनियन पडली. नुसत्या हुद्द्याच्या पत्रांनी.

मग कायदा कोणाला कामगार म्हणतो? 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचं काम करणारासुद्धा कामगारच होता, फक्त त्याला पगाराची मर्यादा होती. माझ्या वेळी ती महिना 1600 रुपये होती. 1998 साली सातपुरात 1600 वर कोणता परमनंट कामगार राबत होता? 2010 मध्ये मर्यादा 10 हजार झाली आणि आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेत ती 18 हजार आहे. ही संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. पण अंबडच्या बऱ्या कारखान्यातला जुना ऑपरेटर एका वेतन करारातच 18 हजारांच्या पुढे जातो. म्हणून पगाराची रेघ आपल्याला वाचवत नाही. वाचवतो तो एकच प्रश्न, हा माणूस खरोखर देखरेख करतो का?

यावर सुप्रीम कोर्टाचे निकाल आहेत. कलकत्त्याच्या आनंदबाजार पत्रिकेतल्या एका ज्येष्ठ कारकुनाचा निकाल मी नेहमी सांगतो. त्याच्याकडे प्रॉव्हिडंट फंड विभाग होता, हाताखाली दोन-चार कारकून होते. कोर्टाने पाहिलं की त्याचं मुख्य काम कॅशबुक लिहिणं आणि विवरणपत्रं तयार करणं हेच आहे. सहकाऱ्यांना थोडंफार काम वाटून दिल्याने तो सुपरवायझर ठरला नाही. माणसाचा मुख्य वेळ कशात जातो, हे बघायचं. पत्रावर काय छापलंय, ते नंतर.

अमेरिकेत हाच वाद फार गाजला. डेट्रॉइटच्या पॅकार्ड मोटार कंपनीत 32 हजारांच्या आसपास कामगार आणि त्यांच्यावर देखरेख करणारे 1,100 फोरमन होते. फोरमनना स्वतःची युनियन हवी होती. मार्च 1947 मध्ये तिथलं सुप्रीम कोर्ट म्हणाले की फोरमनही कामगार आहेत. त्याच जूनमध्ये त्यांच्या संसदेने टाफ्ट-हार्टले कायदा केला, राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार बाजूला सारून, आणि सुपरवायझरला कामगाराच्या व्याख्येतून बाहेर काढलं. पण सुपरवायझर कोण, हे त्यांनी 12 अधिकारांनी सांगितलं. कामावर घेणं, काढणं, बदली, बढती, शिक्षा, तक्रार मिटवणं असे ते अधिकार, आणि ते स्वतःच्या अकलेने वापरता आले पाहिजेत. तिथे नर्सेसबद्दल 2006 मध्ये निर्णय झाला. कायमची इनचार्ज असलेली नर्स सुपरवायझर ठरली, आळीपाळीने इनचार्ज होणारी ठरली नाही.

त्यांची एक पद्धत मला मनापासून आवडते. युनियनसाठीच्या मतदानाच्या दिवशी, एखादा सुपरवायझर आहे की कामगार असा वाद असला तर त्याला परत पाठवत नाहीत. तो मत देतो, ते मत वेगळ्या लिफाफ्यात बंद करतात. बाकीची मतं मोजल्यावर त्या लिफाफ्याने निकाल फिरणार असेल, तरच चौकशी होते. शिवाय हा सुपरवायझर आहे असं जो म्हणतो, त्यानेच ते सिद्ध करायचं.

आता माझं मत सांगतो, काहींना आवडणार नाही. खऱ्या सुपरवायझरला युनियनच्या निवडणुकीत मत असू नये. ज्याच्या सहीने तुमची रजा मंजूर होते, ज्याच्या रिपोर्टवर तुमची चार्जशीट निघते, तो रांगेत तुमच्या मागे उभा राहिला तर तुमचा हात थरथरणार. मग तो युनियनच्या बाजूचा असो नाहीतर मालकाच्या. मालकाने युनियनमध्ये ढवळाढवळ करणं ही 1971 च्या कायद्याने अनुचित प्रथा आहे, आणि शॉपफ्लोअरवर मालक म्हणजे बहुतेक वेळा हाच माणूस असतो. पण ‘टीम लीडर’चा बिल्ला लावून आठ तास असेंब्लीवर उभ्या राहणाऱ्या मुलीला मत नाकारणं हा अन्याय आहे. सिन्नरला, गोंद्याला अशा किती मुली आहेत, तुम्ही रोज बघता.

नव्या संहितेत तर हे जास्तच जपायला हवं. एकट्याने वाटाघाटी करायला युनियनला मस्टरवरच्या, म्हणजे हजेरीपटावरच्या, 51 टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कोणाचाच नसेल तर 20 टक्केवाल्या युनियनांची परिषद बसते. सगळं मस्टरवर आहे. तुमचं नाव कामगारांच्या मस्टरवरून स्टाफच्या मस्टरवर कधी गेलं, हे पडताळणीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

1998 च्या आमच्या त्या पडताळणीत तपास अधिकाऱ्याने मला विचारलं, ‘तुम्ही स्वतःच्या अधिकारात एक तरी रजा मंजूर केली आहे का?’ मी हा पास टेबलावर ठेवला. सतरा नावं यादीत राहिली.

अठरावं नाव आमच्या शिफ्ट इनचार्जचं होतं. त्याच्या सहीवर गेट उघडायचं. मेमो तो काढायचा, ओव्हरटाइम तो ठरवायचा. माझा जवळचा मित्र, युनियनची वर्गणी पहिल्या तारखेला देणारा. त्याचं नाव काढलं गेलं आणि आम्ही त्याला विरोध केला नाही. ते बरोबरच होतं, आजही मी तसंच म्हणेन.

दोन वर्षांनी कंपनीने त्याला महिन्याची नोटीस देऊन घरी बसवलं. तो आमच्या ऑफिसात आला. कामगार न्यायालय त्याच्यासाठी बंद होतं, कारण तो कामगार नव्हता. संघटना करायचा हक्क घटनेच्या कलम 19 ने त्यालाही दिलेला आहे, पण त्याच्यासारख्यांची संघटना आमच्याकडे कोणी उभीच केली नव्हती. मी त्याला दिवाणी वकिलाकडे घेऊन गेलो. बाहेर बाकावर बसलो असताना त्याने पाकिटातून आमच्या युनियनची जुनी पावती काढली आणि विचारलं, ही दाखवून काही होईल का.