चाकाचा तोल: बुडबुडा, मशीन की मणी?

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याच्या रस्त्याला लागलात, मोहोळ मागं पडलं, काटा ऐंशीपुढं गेला आणि स्टेअरिंग हातात थरथरू लागलं, तर पहिला संशय पुढच्या चाकांच्या तोलावर घ्या. थरथर सीटखालून येत असेल तर मागची चाकं आधी बघा.

रिमच्या कडेला ३० ग्रॅम वजन जास्त असलं, तर साध्या कारमध्ये ताशी १०० किलोमीटरला ते चार-पाच किलोच्या जोरानं चाक ओढतं. वेग निम्मा झाला की हा जोर चौथाईवर येतो. म्हणून सोलापुरात सात रस्ता चौकाच्या गर्दीत काहीच कळत नाही.

जुनी पद्धत बुडबुड्याची. चाक आडवं ठेवायचं आणि गवंड्याच्या लेव्हल बाटलीसारखा बुडबुडा मधोमध येईपर्यंत वजनं लावायची. खर्च कमी, वीज नको. पण आतली कड एका अंगाला आणि बाहेरची नेमकी विरुद्ध अंगाला जड असेल, तर बुडबुडा मधोमधच थांबतो आणि चाक रस्त्यावर डुगडुगत धावतं. रुंद टायरला हा दोष जास्त जाणवतो.

फिरवून मोजणारं मशीन दोन्ही कडांचं वजन वेगवेगळं दाखवतं. कारला हेच करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र चाक शाफ्टवर जरा तिरकं बसलं तरी आकडा खोटा येतो. पावसाळ्यात आपली काळी माती रिमच्या आत थापून वाळते. ती तशीच ठेवून बॅलन्सिंग केलं, तर ढेकूळ गळून पडलं की तोल पुन्हा बिघडतो. तेव्हा काम चालू असताना जवळ उभे राहा. रिम घासली का, जुनी वजनं काढली का, हे बघा. आणि नवी वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवायला लावा. दोन्हीकडं शून्य दिसल्याशिवाय पैसे देऊ नका. पंक्चरसाठी टायरमध्ये लिक्विड भरलं असेल तर तेही आधीच सांगा, ते तळाशी साचून आकडे फिरवतं.

ट्रकच्या मोठ्या टायरमध्ये बारीक मणी टाकतात. टायर झिजेल तसे ते जागा बदलतात, ही त्यांची खरी सोय. दोन कडांमधला फरक मात्र त्यांना नीट भरून काढता येत नाही, म्हणून कारसाठी मी ते सुचवणार नाही.

मशीनवर शून्य येऊनही थरथर राहिली, तर वजनं वाढवत बसू नका. चाक हळू फिरवून बघा: रिम वाकलेली असेल किंवा टायरला फुगा आला असेल, तर तो डोळ्यांना दिसतो.